तक्त्यातली शेवटची ओळ: विकसनशील देशांच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

विकसनशील देशांच्या अर्थमंत्र्यांना,

सप्रेम नमस्कार.

पिकांच्या विविधतेविषयीचं पत्र कृषिमंत्र्यांना लिहायचं सोडून तुम्हाला का, असा प्रश्न तुमच्या सचिवांना पहिल्या ओळीतच पडेल. मग ते हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ कृषी खात्याकडे पाठवून मोकळे होतील. कृपा करून तेवढं होऊ देऊ नका. शिवारात काय पेरायचं हे शेतकरी ठरवतो, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात खताचं अनुदान कोणत्या पिकाला, सरकारी खरेदी कशाची, पीककर्ज कशाला किती, विमा कशाला मिळतो आणि कशाला मिळत नाही, हे सगळं ठरून झाल्यावर जे उरतं ते शेतकरी ठरवतो. आणि या चारही फायलींवर शेवटची सही तुमची असते.

माझं उभं आयुष्य पिकांच्या आकड्यांचे तक्ते जुळवण्यात गेलं. पेरा किती, उतारा किती, एकूण उत्पादन किती. अशा कुठल्याही तक्त्यात वर दोन-तीन पिकं ऐटीत बसलेली असतात, त्यांच्याखाली पाच-सहा मधली, आणि अगदी तळाला एक ओळ: ‘इतर’. या ओळीत काय काय कोंबलंय हे ती भरणाऱ्यालाही धड माहीत नसतं. मीही कैक पिकं तिथे ढकलली आहेत. क्षेत्र कमी, माहिती अपुरी, वेळ नाही, टाक ‘इतर’मध्ये. एका दुष्काळी वर्षी मात्र या ओळीनं मला तोंडघशी पाडलं. वरची सगळी पिकं घसरलेली आणि ‘इतर’ वाढलेलं. टायपिंगची चूक असणार असं धरून मी लाल शेरा मारून तक्ता परत पाठवला. दोन आठवड्यांनी तोच आकडा जसाच्या तसा परत आला, सोबत चार ओळींचा खुलासा: पहिली पेरणी वाया गेली, मग उशिरा पाऊस झाला, तोवर मोठ्या पिकाचा हंगाम टळला होता, म्हणून लोकांनी घरात होतं ते कमी दिवसांचं बियाणं टाकलं, आणि ते आलं. माझ्या वरिष्ठांनी तो आकडा ‘मागील वर्षांच्या सरासरीनुसार’ दुरुस्त करायला सांगितला. मी केला. त्या वर्षी त्या भागाला ज्यानं तगवलं, ते मी माझ्या हातानं खोडलं. ती खाडाखोड अजून डोक्यातून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

पिकांच्या विविधतेचा विषय निघाला की बोलणं एकतर पोषणाकडे वळतं, नाहीतर वारशाकडे. दोन्ही विषय चांगलेच आहेत. पण वारशाला हार घालायला तुमच्याकडे वेळ असतो, द्यायला पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा तुमच्याच भाषेत बोलतो.

आयर्लंडच्या बटाट्याची, म्हणजे एका पिकावरच्या भिस्तीतून ओढवलेल्या दुष्काळाची गोष्ट तुम्हाला कुणीतरी आधीच ऐकवली असेल, ती पुन्हा सांगत नाही. सिलोनच्या कॉफीची सांगतो, कारण तिच्यात बँक आहे. एकोणिसाव्या शतकात सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, कॉफी पिकवणाऱ्या जगातल्या मोठ्या मुलखांत गणली जायची. डोंगरउतारांवरचं जंगल तोडून दूरवर एकच झाड लावलेलं. १८६९ मध्ये पानांच्या खालच्या अंगाला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले, बोट फिरवलं तर बोटाला रंग लागावा असे. हा तांबेरा. तो झाडाला लगेच मारत नाही. पानं गळतात, झाड पुन्हा पालवतं, पुन्हा गळतं, आणि दर वर्षी फळ थोडं थोडं कमी धरतं. रोग संथ, म्हणून फसगत मोठी. त्यात नेमके त्याच काळात कॉफीचे भाव चढत होते. एकरी उतारा घटत होता, पण हाती येणारा पैसा बरा दिसत होता. मळेवाले जमीन वाढवत गेले आणि त्यांना कर्ज मिळत गेलं. कॉफीखालचं क्षेत्र सर्वांत जास्त झालं ते १८७८ मध्ये. रोग दिसल्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी!

हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या तरुण इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८० ते १८८२ तिथे राहून या बुरशीचा माग काढला. वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूंना वाटेत अडवणारं काहीच नव्हतं. एका झाडाशेजारी तसंच दुसरं झाड, त्याशेजारी तसंच तिसरं. पण निदान झालं तेव्हा उपचाराची वेळ निघून गेली होती. १८८४ च्या मे महिन्यात ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन बुडाली. सिलोनच्या मळ्यांना दिलेली कर्जं हे तिच्या बुडण्यामागचं एक मोठं कारण. या बँकेच्या नोटा बेटावर चलन म्हणून फिरत होत्या. लोक हवालदिल झाले. शेवटी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांना त्या नोटांना सरकारची हमी द्यावी लागली, आणि त्याच वर्षी कायदा करून कागदी चलन सरकारनं स्वतःकडे घेतलं.

पानावरच्या ठिपक्यापासून चलनी नोटेपर्यंत पोचायला पंधरा वर्षं लागली, आणि त्यातली बरीच वर्षं पैशाचा आकडा सगळं ठीक आहे असंच सांगत होता. तुमच्या टेबलावर आज जो आकडा येतो, शेतीचं एकूण उत्पन्न, तो याच जातीचा आहे.

रोगच लागायला हवा असंही नाही, भाव पुरतो. आयव्हरी कोस्ट स्वातंत्र्यानंतर दोन दशकं वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास वाढत होता. आफ्रिकेतला चमत्कार म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. कमाईचे खांब दोन, कोको आणि कॉफी. १९८० च्या दशकात दोन्हींचे भाव पडले. १९८७ मध्ये सरकारला कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं. मग भाव चढावेत म्हणून आपला कोको बाजारातून रोखून धरून पाहिला. बाकीचे देश विकत राहिले आणि यांचा माल गोदामात पडून राहिला.

आता तुमचे आर्थिक सल्लागार हरकत घेतील, आणि ती खोटी नाही. ज्याला जे चांगलं जमतं ते त्यानं करावं, बाकीचं विकत घ्यावं, हेच तर वाढीचं गमक. आणि सगळ्यात जास्त सरमिसळ कुणाच्या शेतात दिसते? सगळ्यात गरीब माणसाच्या. दोन एकरांत सात पिकं लावणारा शेतकरी काही हौसेनं तसं करत नाही. त्याच्याकडे विमा नाही, बाजार लांब आहे, रस्ता पावसात तुटतो, आणि एक पीक गेलं तर उसनं द्यायला कुणी नाही. बँकेचं आणि विम्याचं काम तो शिवारात भागवतो. त्याची किंमतही मोजतो, कारण सातांतली तीन पिकं त्याला परवडणारी नसतात. अशा विविधतेचे गोडवे शहरात बसून गाणाऱ्यांचा मला राग येतो. त्या माणसाला रस्ता, कर्ज आणि खात्रीचा बाजार मिळाला की तो सातावरून दोनावर येतो, आणि ते त्याच्या भल्याचंच असतं.

घोळ होतो तो यापुढे. प्रत्येक शेतकरी दोन पिकांवर आला म्हणून देशानंही दोनच पिकांवर यावं, असं कुठल्याही अर्थशास्त्रात लिहिलेलं नाही. एकानं एक निवडावं, शेजारच्या खोऱ्यानं दुसरं, पलीकडच्या पठारानं तिसरं. शेत एकसुरी झालं तरी चालेल, देश होता कामा नये. पण अनुदान आणि खरेदी एकाच पिकाला असली की लाखो शेतकरी स्वतंत्रपणे विचार करून एकाच उत्तरावर येतात. त्यात त्यांची चूक नसते, सगळ्यांना गणितच एक घातलेलं असतं.

थोडं अंकगणित करू. समजा एका पिकातून सरासरी शंभर रुपये मिळतात आणि वर्षागणिक त्यात तीस रुपयांची चढउतार होते. दुसरं पीकही तसंच, पण दोघांची वाईट वर्षं वेगवेगळी येतात. अर्धी जमीन एकाला, अर्धी दुसऱ्याला दिली तर सरासरी शंभरच राहते, चढउतार मात्र एकवीसवर येते. अशी चार पिकं असतील तर पंधरावर. सरासरीतला एक पैसा न गमावता हेलकावे निम्मे झाले. अट एकच: वाईट वर्षं वेगवेगळी हवीत. एकाच पावसावर, एकाच किडीवर, एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेली चार पिकं या हिशेबात एकच धरायची. ही अट लोक विसरतात, म्हणून पिकांची नुसती डोकी मोजणाऱ्या योजना फसतात.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात काय दिसतं? देल्फीन रेनार आणि डेव्हिड टिलमन यांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. ९१ देश, १७६ पिकं, पन्नास वर्षांची आकडेवारी. ज्या देशांत पिकांची विविधता जास्त, त्यांचं एकूण राष्ट्रीय उत्पादन वर्षागणिक जास्त स्थिर. आणि हा परिणाम किरकोळ नाही: पावसाचा लहरीपणा उत्पादनाला जितका हादरवतो, साधारण तितकंच विविधता त्याला सावरते. पाऊस तुमच्या हातात नाही. अनुदानाचे निकष आहेत.

दुसरा अभ्यास पिकांचा नाही, एकूण अर्थव्यवस्थेचा आहे. जाँ इम्ब्स आणि रोमेन वाचियार्ग यांनी २००३ मध्ये दाखवलं की देश गरिबीतून वर येत असताना त्यांचं उत्पादन आणि रोजगार जास्त जास्त क्षेत्रांत पसरत जातात, आणि बऱ्यापैकी श्रीमंत झाल्यावरच ते पुन्हा थोड्या क्षेत्रांत एकवटू लागतात. त्या वळणाच्या अलीकडे असलेल्या देशानं श्रीमंत देशाचा आजचा एकपिकी नकाशा पाहून आपला आराखडा आखणं म्हणजे जिना चढायच्या आधी गच्चीवरचे पडदे निवडण्यासारखं आहे.

शिवाय श्रीमंतांनाही ते नेहमी पचत नाही. १९७० साली अमेरिकेच्या मक्याचं काय झालं ते पाहा. संकरित मक्याचं बियाणं तयार करताना मादी ओळीतल्या ताटांचे तुरे परागकण पडण्याआधी हातानं उपटावे लागतात. उन्हाळ्यात शाळकरी पोरांच्या टोळ्या हे काम करायच्या. मजुरीचा हा खर्च वाचवायला एक नामी उपाय सापडला: टेक्सासमध्ये आढळलेला एक नरवंध्य वाण, ज्याच्या तुऱ्यात परागकण सुपीकच नसतात. तुरे उपटायची गरजच संपली. बियाणं कंपन्यांनी आपापल्या वाणांत हा गुण आईकडून आणला. १९७० पर्यंत देशातला सुमारे ८५ टक्के संकरित मका या एका आईचा झाला होता. पाकिटांवर नावं शेकडो, पण आई एकच. त्या वर्षी दक्षिणेकडून करप्याची एक नवी जात दमट वाऱ्याबरोबर वर सरकत गेली. ती नेमकी याच गुणाच्या पेशींवर विष टाकत होती. देशाच्या मक्याचं सुमारे १५ टक्के पीक गेलं, नुकसान सुमारे शंभर कोटी डॉलर. अमेरिकेनं ते सोसलं. लगेच हिवाळ्यात उष्ण मुलखात जुन्या प्रकारचं बियाणं वाढवून घेतलं आणि पोरांच्या टोळ्या पुन्हा शेतात उतरल्या. मुख्य पिकातली पंधरा टक्क्यांची तूट एका हंगामात भरून काढायची तुमच्या देशाची ऐपत आहे का, याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं माहीत.

झांबियाला हे उत्तर २०२४ मध्ये द्यावं लागलं. तिथे मका हे पीकही आहे आणि राजकारणही. वर्षानुवर्षं सरकारी पैसा मक्याचं खत-बियाणं स्वस्तात देण्यात आणि मका विकत घेण्यात गेला. एल निनोच्या त्या हंगामात पाऊस ऐन वेळी दडी मारून बसला. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. पेरलेल्या २२ लाख हेक्टरपैकी जवळपास १० लाख हेक्टर गेलं होतं. त्याच दुष्काळानं करिबा धरणातलं पाणी खाली गेलं, वीज गेली. आणि हे सगळं कर्जाच्या पुनर्रचनेची बोलणी शेवटच्या टप्प्यात असताना. धान्य आयात करायची वेळ येते तेव्हा शेजाऱ्याचंही पीक गेलेलं असतं, म्हणून भाव चढे. निर्यात घटलेली, म्हणून डॉलर महाग. एकाच पिकावरची भिस्त अशी सगळीकडून एकाच दिवशी वसूल होते.

पण याच झांबियानं एक शहाणपणाची गोष्टही करून पाहिली होती, आणि ती कुणी फारशी सांगत नाही. २०१५ च्या सुमारास तिथे अनुदानाची पोती वाटण्याऐवजी काही जिल्ह्यांत शेतकऱ्याला इलेक्ट्रॉनिक व्हाउचर दिलं. पैसे तेवढेच, पण मक्याचंच खत-बियाणं घ्यायची सक्ती नाही. दुसरं बी घ्या, जनावरांचं औषध घ्या, अवजार घ्या. दोन वर्षांत योजना देशभर नेली. मग कार्डावर पैसे वेळेत पडेनात, दुकानदारांची बिलं थकली, आणि बऱ्याच ठिकाणी सरकार पुन्हा पोत्यांकडे वळलं. कल्पना चुकली नव्हती, तिजोरीतून पैसा वेळेवर सुटला नाही. तो सोडणं कृषी खात्याचं काम नव्हतं.

इथवर मी विविधतेचं रूप ढालीचं रंगवलं. तेवढंच असतं तर तुम्ही म्हणाला असता, ठीक आहे, विमा काढू. विमा तोटा भरून देतो, रोजगार देत नाही. एकाच पिकाच्या मुलखात मजुराला वर्षातून दोनदा काम असतं, पेरणीला आणि काढणीला. मधले महिने तो गाव सोडतो. तिथली गिरणी तीन महिने रात्रंदिवस चालते आणि नऊ महिने कुलूपबंद असते, पण तिच्या कर्जाचं व्याज बारा महिने चालतं. वेगवेगळ्या वेळी येणारी पिकं असली की तोच मजूर, तोच ट्रक, तेच गोदाम, तीच सुकवणी यंत्रं जास्त दिवस कामाला लागतात. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात भांडवल रिकामं बसू न देणं यालाच वाढ म्हणतात, नाही का? शिवाय तेलबियांतून पेंड निघते, पेंडीवर जनावरं आणि कोंबड्या, त्यातून दूध-अंड्यांचा धंदा, तंतुपिकातून सूत, कंदातून स्टार्च आणि त्यातून कागद-कापडाचे कारखाने. प्रत्येक नव्या पिकामागे एक वेगळा कारखाना उभा राहायची शक्यता असते. त्याच पिकाच्या आणखी एका हेक्टरमागे ती नसते.

आणि डाळवर्गीय पिकं. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. तृणधान्यानंतर डाळ घेतली की पुढच्या पिकाचा युरिया काही प्रमाणात वाचतो. २०२२ मध्ये खतांचे भाव भडकले तेव्हा खत आयात करणाऱ्या प्रत्येक अर्थमंत्र्याला हे बिल आठवत असेल. मात्र यावरून कुणी २०२१ च्या श्रीलंकेसारखं एका फटक्यात रासायनिक खत बंद करायचं मनात आणू नये. काही महिन्यांत त्यांना तो हुकूम मागे घ्यावा लागला, तोवर भात आणि चहा दोघांनाही फटका बसला होता. पिकांची फेरपालट वर्षांनी होते, आदेश रात्रीत निघतो. दोघांचा मेळ बसत नाही.

नवं पीक आणलं म्हणजे विविधता आली असं समजू नका, हे सांगायला मलेशियाचं उदाहरण घेतो. स्वातंत्र्याच्या वेळी तिथे रबराचं राज्य होतं. कृत्रिम रबर येऊ लागलं तसं सरकारनं वेळीच ओळखलं आणि तेलताडाकडे मोर्चा वळवला. १९६० मध्ये ५४ हजार हेक्टर असलेला तेलताड १९८० पर्यंत दहा लाख हेक्टरांवर गेला. ती चाल अचूक होती, देशाला तिनं तारलं आणि त्या कमाईच्या जोडीला मलेशियानं कारखानदारीही उभी केली. पण ते झाड तिथे आलं कुठून? १८४८ मध्ये जावा बेटावरच्या बोगोरच्या बागेत लावलेल्या चार रोपांपासून पुढे आग्नेय आशियाचा जवळजवळ सगळा तेलताड पसरला. चार रोपं! त्यांच्याबरोबर परागीभवन करणारा भुंगा आलाच नव्हता, म्हणून मळ्यांत माणसं लावून हातानं परागकण टाकावे लागायचे. १९८१ मध्ये कॅमेरूनहून तो भुंगा आणून सोडला, तेव्हा कुठे ते काम सुटलं. एका पिकाच्या जागी दुसरं आणणं हा पहिला मुक्काम झाला. तिथेच तंबू ठोकून राहिलात तर पुढच्या वादळाला तोच तंबू.

गिऱ्हाइकाचंही तसंच. भारतानं २०१६ मध्ये मोझाम्बिकशी तूर खरेदीचा करार केला. मोझाम्बिक, मलावी या देशांत मक्याच्या जोडीला तूर हा चांगला पर्याय होता, जमिनीलाही आणि खिशालाही. पुढच्याच वर्षी भारतात तुरीचं अमाप पीक आलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं आयातीवर कोटा लावला. करारातला माल कोट्याबाहेर होता, तरी तिकडच्या बाजारात भाव कोसळायचे ते कोसळलेच. भारतानं आपल्या शेतकऱ्याकडे पाहिलं, त्यात नवल नाही. पण ज्यांनी मका कमी करून तूर लावली, त्यांच्या लेखी विविधता म्हणजे तोटा हे समीकरण पक्कं झालं. त्यांना पुन्हा वळवायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. पीक दुसरं, पण गिऱ्हाईक एकच असेल, तर मघाच्या अंकगणितातली अट तिथेच मोडते.

तुमच्या अर्थसंकल्पातल्या एका फार छोट्या रकमेविषयी बोलायचं राहिलं. जनुकपेढी. बहुतेक देशांत ती असते, एखाद्या संशोधन केंद्राच्या मागच्या इमारतीत, आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच. थंड खोलीत बियांची सीलबंद चंदेरी पाकिटं. ठरावीक वर्षांनी त्यातल्या काही बिया ओल्या कागदावर मांडून किती रुजतात ते मोजायचं. संख्या खाली आली की शेतात लावून नवं बी धरायचं. याला लागतं काय? अखंड वीज, थोडी जमीन, चार माणसं. हे कुणाच्या कामाला येतं? १९७० च्या दशकात आशियातल्या भाताला एका विषाणूनं ग्रासलं, झाड खुरटं राहून गवतासारखं दिसायचं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. एका! तो गुण घेऊन आलेल्या वाणांपैकी ‘आयआर ३६’ १९७६ मध्ये आला आणि पुढे एक कोटी हेक्टरांहून जास्त जमिनीवर लावला गेला. त्या रानटी भाताचं उत्पन्न विचाराल तर शून्य. कुठल्याही तक्त्यात त्याला ओळ मिळाली नसती, अगदी ‘इतर’मध्येही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे माणसानं अन्नासाठी लागवड केलेल्या वनस्पती सुमारे सहा हजार. त्यातल्या दोनशेहूनही कमी वनस्पतींचं जगाच्या अन्नात म्हणण्यासारखं योगदान आहे, आणि नऊ पिकांतून एकूण पीक-उत्पादनाचा ६६ टक्के वाटा येतो. म्हणजे सगळ्या जगाचा तक्ताही माझ्या तक्त्यासारखाच आहे.

आता मागणं. नवी योजना नको, नवं महामंडळ तर नकोच. जी अनुदानं पिकाच्या नावानं दिली जातात ती हळूहळू शेतकऱ्याच्या नावानं द्या, त्यानं काय पेरलं याच्याशी त्यांचा संबंध तोडत जा. एका वर्षात नको, पाच-सात वर्षं लावा, आणि पुढच्या सात वर्षांचं वेळापत्रक आजच जाहीर करा म्हणजे शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याला आपापली तयारी करता येईल. पैसे वेळेवर सोडा, झांबियाचं वाचलंतच. पीककर्जाच्या आणि विम्याच्या यादीत जी पिकं नाहीत ती का नाहीत, हे बँकांना लेखी विचारा. बहुतेक ठिकाणी ‘आकडेवारी उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. ती उपलब्ध का नाही, ते मी वर कबूल केलं आहे.

आणि दर वर्षीच्या आर्थिक पाहणीत एक आकडा छापा. प्रत्येक पिकाचा एकूण लागवडीतला हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे. देशात एकच पीक असेल तर उत्तर एक येतं. दहा पिकं सारख्या हिश्श्यानं असतील तर शून्य दशांश एक. उद्योगधंद्यातली मक्तेदारी मोजायला हेच सूत्र वापरलं जातं, त्यामुळे कुणाला शिकवावं लागणार नाही. क्षेत्रावरून एकदा काढा, निर्यातीच्या कमाईवरून एकदा काढा, आणि निर्यातीच्या गिऱ्हाइकांवरून एकदा. महागाई आणि वित्तीय तूट ज्या पानावर असते त्याच पानावर हे तीन आकडे येऊ द्या. ते वाढत चालले असतील तर विरोधी पक्ष तुम्हाला सभागृहात विचारेल, आणि मग खालची यंत्रणा आपोआप हलेल. आमच्या खात्यांचा अनुभव असाच आहे.

फक्त हा हिशेब करायला बसाल तेव्हा एक अडचण येईल. ‘इतर’ या ओळीचा वर्ग कसा काढायचा? त्यात चाळीस पिकं असली तर उत्तर वेगळं, चार असली तर वेगळं. तुमचा अधिकारी ती ओळ एकच पीक धरून पुढे जायला बघेल. त्याला थांबवा आणि ती ओळ फोडून आणायला सांगा. त्याला महिना लागेल, कदाचित दोन. कुठल्यातरी तालुक्याच्या कचेरीतून एखादा आकडा असा येईल की तो चुकलेला वाटेल. तो सरासरीनुसार दुरुस्त करू देऊ नका.

आपला,
पीक-आकडेवारीच्या कामातून निवृत्त झालेला एक कारकून